सोमवारचं तेल

माझ्या भावाने मला आजवर पुष्कळ नावं ठेवली आहेत. घर फोडणारी, फुकट खाणारी, नवऱ्याला सोडून आलेली. यातलं शेवटचं खरंच आहे, म्हणून ते मी शिवीत धरत नाही, आणि बाकीची दुसऱ्या दिवशी विसरून जाते, कारण मला कामं असतात. पण गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तो अंगणात उभा राहून आमच्या मामांना म्हणाला, "हिनं गाडी कोरडी चालवली," आणि मला वाटलं, हातात येईल ते याच्या डोक्यात घालावं.

बाहेरच्या माणसाला यात एवढं लागण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही. आमचं घर मागवाल्यांचं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे चार यंत्रमाग. शाळेत नाव घालायच्या आधी मला सुताच्या कांड्या भरता येत होत्या. माग एक असतो आणि त्याच्यावर माणसं दोन, एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. वडिलांचा नियम असा की ज्याचं काम संपलं त्याने जाण्याआधी मागावरचा कापूस झाडायचा, चिंधीने पुसून घ्यायचं, तेलाच्या प्रत्येक भोकात तेल सोडायचं आणि मगच पायात चप्पल घालायची. येणाऱ्याला कोरडा माग द्यायचा नाही. दोघांची आदल्या दिवशी मारामारी झालेली असली तरी नाही. एकदा एक कामगार तेल न घालता निघून गेला, तर वडील त्याच्या घरी गेले, त्याला जेवणावरून उठवून आणलं आणि सगळ्यांसमोर तेल घालायला लावलं. तो बिचारा हात न धुता आला होता. आमच्या घरात चोराला एक वेळ चहा मिळेल, पण कोरडा माग देऊन जाणाऱ्याला पाणी मिळणार नाही.

अशा घरात वाढलेल्या मला तो म्हणाला, हिने गाडी कोरडी चालवली.

गाडीचं सांगते. वडील जाण्याआधी त्यांनी तोंडी वाटणी करून ठेवली. माग आणि मागचं घर भावाला, पुढची खोली मला, आणि त्यांची शंभर सीसीची मोटरसायकल दोघांना, एकेक आठवडा. त्यांना वाटलं असणार की गाडीच्या निमित्ताने का होईना, पोरं दर सोमवारी एकमेकांशी बोलतील. मागातला कुठला भाग कधी तुटणार ते त्यांना आवाजावरून कळायचं, पण पोटच्या पोरांची त्यांना काडीची पारख नव्हती.

त्यांचं दिवसकार्य होऊन महिना झाला नसेल, तेवढ्यात भावाने माझ्या खोलीतून शेडकडे जाणाऱ्या दाराला पलीकडून कडी घातली. मी बाहेरून आले तर दार उघडेना. आधी वाटलं लाकूड फुगलं असेल, म्हणून खांदा लावला. मग पलीकडून वहिनी हळू आवाजात म्हणाली की यांनी कडी घातलीय, उगाच जोर लावू नका. ज्या शेडमध्ये मी लहानाची मोठी झाले त्या शेडचं दार. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यालाही ते सोयीचंच पडलं असावं, कारण काय झालं म्हणून त्याने एकदाही विचारलं नाही. काही सांगायचंच झालं तर तो वहिनीला मोठ्याने सांगतो आणि मी भिंतीला.

मी टॉवेल विकते. लॉज, सलून, ब्युटी पार्लर, जिम, वैरागच्या बाजारातली कापडाची दुकानं. घराच्या मागे दिवसभर टॉवेल विणले जातात आणि मी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्यातून टॉवेल आणून विकते, पण भावाचा एक नग घेत नाही. गठ्ठा गाडीच्या मागे दोरीने बांधायचा, डोक्याला ओढणी गुंडाळायची आणि निघायचं. माझ्या आठवड्यात मी वैराग आणि बार्शी करते. त्याच्या आठवड्यात तो सूत आणतो, व्यापाऱ्यांकडे माल पोचवतो, आणि साखर कारखान्याचा हंगाम असला की व्यापाऱ्याच्या चादरी घेऊन श्रीपूरपर्यंत जातो. गाडीवाचून त्याचं अडतं, माझं तर सगळंच बसतं. एसटीने गठ्ठे वाहून दिवसात दोन दुकानंही होत नाहीत. गाडी गेली की वैराग गेलं, वैराग गेलं की मी परत कांड्या भरायला बसणार, आणि कांड्या भरायला जागा कुठे? त्याच्या शेडमध्ये. कडी तोच काढणार, मेहेरबानी म्हणून. त्यापेक्षा मी भीक मागितली असती.

तर दर सोमवारी सकाळी गाडी हात बदलायची. किल्ली अंगणातल्या भिंतीवरच्या खिळ्याला, म्हणजे तोंड बघायलाही नको. पेट्रोल तो जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढंच ठेवायचा, मीही तेवढंच ठेवायची. आरसे त्याच्या उंचीला वळवलेले असायचे. मी ते माझ्या उंचीला वळवायची आणि परत देताना तसेच सोडायची. एकदा त्याने सीट फाटलेली दिली, तर मी सीट शिवून घेतली आणि माझा आठवडा संपताना नवं कव्हर काढून घरात ठेवलं. हे सगळं मी मोठ्या आनंदाने केलंय. कुणाला वाटत असेल की मी आता वाईट वाटतं म्हणेन, तर नाही.

पण तेलाचं वेगळं होतं. माझा आठवडा संपला की सोमवारी तो उठायच्या आधी मी अंगणात जायची, चिंधीने गाडी पुसायची, इंजिनच्या बाजूचं काळं बूच फिरवून काढायची आणि बाटलीतलं थोडं तेल आत सोडायची. त्या बुचाला खाली एक पट्टी असते, तिला गेज म्हणतात. ती तेलाने माखलेली असायची, म्हणून तीही स्वच्छ पुसून परत लावायची. हे मी भावासाठी करत नव्हते. तो माझ्या हातचं तेल घेऊन फिरतो म्हणून मला कधी गोड वाटलं नाही. वडिलांचा नियम होता, एवढंच. आणि त्याने बघू नये म्हणून मी लवकर उठायची, कारण बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं की ही आता नरमली.

तो तेल घालत असेल असं माझ्या मनातही आलं नाही. दाराला कडी घालणारा माणूस, तो काय तेल घालतो? उलट दर सोमवारी गाडी हातात घेताना मी मनात म्हणायची, आली कोरडी. यात मला एक प्रकारचं सुख होतं. वडिलांचा मुलगा तो, माग त्याला, घर त्याला, आणि नियम मात्र मी पाळतेय.

गाडी गॅरेजला न्यायचा प्रश्नच नव्हता. गॅरेजला टाकली की एक दिवस जातो, आणि आपल्या आठवड्यातला दिवस कोण घालवणार? मी म्हणायची तो नेईल. तो म्हणत असेल ही नेईल. अशी किती वर्षं गेली ते सांगायला मला लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात गाडी धूर सोडायला लागली. आधी सकाळी किक मारल्यावर थोडा, मग सगळीकडे. पांढरा, कडवट वासाचा धूर. वैरागच्या रस्त्याला मागचे गाडीवाले हॉर्न वाजवून, नाकाला रुमाल लावून पुढे जायचे आणि वळून माझ्याकडे असे बघायचे की जणू धूर मीच सोडतेय. चढाला गाडी ओढेना. गिअर पडेना. इंजिन असं जड चालायचं की मला वाटायचं आता बंद पडेल आणि मी गठ्ठ्यासकट माळावर बसेन. मी तेल घालतच होते, उलट थोडं जास्तच घालायला लागले. आणि मनात भावाला शिव्या देत होते, की हा कोरडी चालवतो आणि खापर माझ्या आठवड्यात फुटणार.

तोच आरोप त्याने केला, फक्त माझ्याआधी. मामांना बोलावून घेतलं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. बंद पडलेल्या गिरणीतून घरी बसलेले. तंटा सोडवायला त्यांना बोलावतात, कारण ते कुणाच्याच बाजूने काही ठाम बोलत नाहीत. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी आधी वहिनीचा चहा घेतला, मग माझा घेतला, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. भावाचं म्हणणं सरळ होतं. इंजिन आतून घासलंय, कारण मी ते बिनतेलाचं पळवलं. बायकांना गाडीतलं कळत नाही, नुसता अ‍ॅक्सिलरेटर पिळतात. तो आता स्वतः इंजिन खोलून घेईल, पण मग गाडी त्याची. मी म्हटलं, भिंतीकडे तोंड करून, की कोरडी चालवणारा कोण ते मला माहीत आहे. मामा म्हणाले की दोघांचंही बरोबर असेल. या माणसाला कुणी आणि का बोलावतं हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी मीच म्हटलं की इंजिनातलं तेल खाली काढू. मी दर आठवड्याला घालतेय, त्यामुळे निदान तेवढं तरी निघेल. ते निघालं तर मी गाडी कोरडी चालवली नाही हे सिद्ध. नाही निघालं तर किल्ली त्याने घ्यावी आणि मी तोंड उघडणार नाही. भाऊ लगेच तयार झाला. त्याच्या तोंडावर जे समाधान दिसलं ते बघून माझं पित्त खवळलं. तो म्हणाला, गॅरेजवाल्याला बोलावतो. गॅरेजवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मी म्हटलं, कुणाला हात लावू देणार नाही, तेल मी काढणार. पुढचा सोमवार ठरला.

मला तेल बदलता येत नव्हतं. घालता येत होतं, काढता नाही. मागाचं तेल कुणी काढत नाही, ते घालायचं असतं. म्हणून आठवडाभर मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातला एक पोरगा मला अजून स्वप्नात छळतो. हातात पांढरे मोजे, मागे निळा पडदा, गाडी इतकी चकचकीत की तिला तेल बदलायची गरजच नसावी. दर वाक्याला म्हणायचा की हे बिलकूल सोपं आहे, नवीन माणसालाही दहा मिनिटांत जमेल. जे लोक सोपं आहे म्हणतात ना, त्यांना एकदा आमच्या अंगणात आणून बसवायला पाहिजे, एका बाजूला भाऊ आणि दुसऱ्या बाजूला मामा. तरी मी लिहून घेतल्यासारखं पाठ केलं. इंजिन जरा गरम करायचं म्हणजे तेल पातळ होऊन पूर्ण निघतं. गाडी डबल स्टँडला लावायची. इंजिनच्या पोटाखाली एक नट असतो, त्याला सतराचा पाना लागतो. नटाबरोबर एक वायसर, म्हणजे चकती, येतं ते हरवायचं नाही. आणि छोट्या गाडीत तेल लिटरभरसुद्धा बसत नाही, तेव्हा खाली छोटं भांडं पुरतं. पुढे तो नवीन तेल किती आणि कसं भरायचं ते सांगत होता. तो भाग मी प्रत्येक वेळी पुढे ढकलला. मला भरायचं काय ते माहीत होतंच.

त्या सोमवारी नळाला पाणी यायचा दिवस निघाला. आमच्याकडे पाणी आलं की घरातली सुई सोडून बाकी सगळ्यात पाणी भरतात. घमेली, बादल्या, डबे, सगळं भरलेलं. वहिनीकडे घमेलं मागायचा प्रश्न नव्हता. माझ्याकडे रिकामी राहिली होती फक्त कणीक मळायची अ‍ॅल्युमिनियमची परात. तीच नेली. नाहीतरी लिटरभराच्या आतलाच मामला.

गाडी सुरू केली, अंगण धुराने भरलं, मामा खोकले. बंद केली, डबल स्टँडला ओढली. भावाने हात लावला नाही आणि मी लावू दिला नसता. खाली वाकले तर नट कुठे ते दिसेना, चिखल आणि तेलाचा थर जमून दगड झालेला. चाकूने खरवडला. मग पाना लावून जोर केला. नट हलेना. दोन्ही हातांनी केला, पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी म्हणालं की आधी रॉकेल टाका. दुसरं म्हणालं, हातोडी मारा. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी कुणी मेलं तर खांदा द्यायला माणसं शोधावी लागतात, पण बाई पाना घेऊन बसली की सगळे गच्चीवर हजर. मी पुन्हा जोर केला. तेव्हा भाऊ मामांना म्हणाला, "तिला सांगा, उलटा फिरवायलीय ती. आवळायलीय."

खरं होतं. खालून बघताना दिशा उलटी होते, हे त्या मोजेवाल्याने सांगितलं होतं आणि मी घाईत विसरले. दुसऱ्या बाजूला फिरवल्यावर नट करकरला आणि सुटला. भावाचं बरोबर निघावं आणि तेही सगळ्या गच्च्यांसमोर, यापेक्षा मला तेल डोळ्यांत गेलेलं चाललं असतं.

नट बोटांनी शेवटचा फिरवला आणि गरम तेल हातावरून मनगटापर्यंत आलं. काळंभोर, पाण्यासारखं पातळ. मी हात ओढला, नट परातीत पडला. धार जोरात लागली. मी उठून उभी राहिले आणि भावाकडे बघितलं. बघ म्हणावं, कोरडी म्हणत होतास ना. तो धारेकडे बघत होता.

धार थांबेना. परात अर्धी झाली. मी मनात हिशोब करत होते, की आता कमी होईल. परात भरली. तेल काठाला आलं, काठावर क्षणभर फुगून उभं राहिलं आणि फरशीवर सुटलं. फरशीच्या फटीतून ते भावाच्या चपलांपर्यंत गेलं तरी तो मागे सरकला नाही. गच्चीवरचे सगळे कठड्यावरून खाली वाकले. बारीक होत होत धार अखेर थेंबांवर आली तेव्हा अंगणाचा एक कोपरा काळा झालेला होता.

मामा खुर्चीतून उठले, वाकून बघितलं आणि त्यांच्या आयुष्यातलं पहिलं ठाम वाक्य बोलले. "कोरडी कुटली बे, बुडालीय की ही."

मला काही कळेना. मी घालत होते ते बाटलीत बघून, थोडं थोडं. एवढं तेल माझं नव्हतं. मी तसं मामांना सांगितलं. मामांनी भावाकडे बघितलं. तो फरशीवरच्या तेलाकडे बघतच म्हणाला, "मी बी घालत होतो."

"कवापास्नं?" मामांनी विचारलं.

"पयल्या सोमवारपास्नं. ती उठायच्या आधी."

तो त्याच्या आठवड्याच्या शेवटी लवकर उठायचा, मी माझ्या. दोघंही चिंधीने गाडी पुसायचो, दोघंही तेल सोडायचो, दोघंही गेज काढून न बघता पुसून लावायचो. मागाला गेज नसतो. मागात तेल ओघळेपर्यंत घालायचं असतं, त्याला नको असलेलं तो स्वतःच बाहेर टाकतो. इंजिन बिचारं थोडं जाळतं, बाकी सगळं पोटात ठेवतं. मागवाल्याची पोरं नसतो तर ही चूक आमच्या हातून झालीच नसती. कुणीही दुसरा माणूस निदान आळशीपणा करून गाडी वाचवून गेला असता.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, तुमचा बाप बघायला पाहिजे होता. मला बापाचाही राग आला. पण खरा राग भावाचा आला, इतका की तोवर कधी आला नव्हता. गाडी कोरडी म्हणाला तेव्हाही नाही, दाराला कडी घातली तेव्हाही नाही. हा माणूस कोरडी गाडी देतो, या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं शांत झोपत होते. त्याच्या तुलनेत मी चांगली, हे माझं ठरलेलं होतं. ते त्याने एका वाक्यात काढून घेतलं. आणि तेल घालायचं होतं तर कडी का घातली? कडी घातली तर तेल का घातलं? वैर करायचं तर धड करावं. हे असं मागच्या दाराने माया आणि पुढच्या दाराने अपमान, याला मी काय म्हणायचं?

हे मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकून मी रडले असते.

भाऊ शेडमध्ये गेला आणि मागाखालचा टाकाऊ कापूस पोतंभर घेऊन आला. माझ्या दिशेने फेकला, गुरापुढे कडबा टाकतात तसा. फरशी पुसायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी घेतला. वहिनी पुढे आली तर तिला त्याने आत जायला सांगितलं. तो उभा राहिला, मी पुसलं. परातीतलं तेल डब्यात ओतलं. ती परात मी नंतर भंगारात टाकली.

मग राहिलेलं काम केलं. नट पुसून, वायसर लावून परत आवळला, या वेळी दिशा विचार करून. एअर फिल्टर काढला तर त्याचा स्पंज तेलात भिजून चिंब. गाडीला श्वासच घेता येत नव्हता, धूर होणार नाही तर काय. तो धुऊन उन्हात टाकला. तोवर मोबाइल काढून व्हिडिओतला तो पुढे ढकललेला भाग बघितला. पोरगा म्हणत होता की तेल जास्त झालं तरी इंजिन तसंच मरतं. गेजवर दोन खुणा असतात, तेल त्या दोघांच्या मधे पाहिजे. मी इतकी वर्षं ती पट्टी पुसतेय आणि तिच्यावर खुणा आहेत हे मला दिसलं नव्हतं. मोजून नवं तेल घातलं, थोडं थांबले, गेज पुसून आत सोडला, काढला. दोन खुणांच्या मधे. भाऊ मान लांब करून बघत होता. मी गेज त्याच्या समोर धरला नाही, पण लगेच आतही घातला नाही.

वाळलेला स्पंज परत बसवला आणि किक मारली. आधी एवढा धूर निघाला की गच्चीवरचे आत पळाले. तो हळूहळू पातळ झाला आणि थांबला. इंजिनचा आवाज वडील गाडी वापरायचे तेव्हासारखा झाला. इंजिन वाचलं होतं. मामा म्हणाले, झालं मग, गाडी दोघांची, आठवडा-आठवडा चालू द्या. भाऊ नाही म्हणाला नाही. मी जिंकले होते. माझं वैराग राहिलं, माझी बार्शी राहिली, कुणाच्या शेडमध्ये जायची वेळ आली नाही. मी हात धुवायला वळले, तर तो बोलला. मामांशी नाही, वहिनीशी नाही, माझ्याशी.

"फुडच्या सोमवारी तेल घालू नको."

"तू बी घालू नको," मी म्हटलं.

"न्हाई घालत."

एवढंच बोललो. मामांना वाटलं समेट झाला. त्या आनंदात त्यांनी वहिनीला अजून एक चहा टाकायला सांगितला आणि नंतर नातेवाइकांत सगळीकडे सांगत सुटले की आपण पोरांना बोलतं केलं. प्रत्यक्षात आम्ही त्या दिवसानंतर एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. दाराची कडी आहे तिथेच आहे. पेट्रोल अजूनही पंपापुरतंच असतं.

पुढच्या सोमवारी मी सवयीने लवकर उठले. अंगणात गेले, गाडी पुसली, आणि मग बाटली हातात नसल्यामुळे तशीच उभी राहिले. किल्ली खिळ्याला लावून आत आले. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं, तर भाऊ गाडीजवळ उकिडवा बसून गेज काढून उजेडात धरून बघत होता. मी दिलेला शब्द मोडला की काय ते तपासत होता. माझा संताप झाला. नंतरच्या सोमवारी गाडी माझ्याकडे आली तेव्हा मीही तेच केलं.

आता हे दर आठवड्याला चालतं. गाडी उत्तम आहे, धूर नाही, चढाला ओढते. तेल मी वेळच्या वेळी बदलते, पाना आता सटकत नाही. आणि दर दुसऱ्या सोमवारी सकाळी गाडी ताब्यात घेतली की आधी गेज काढते, पुसते, आत सोडते आणि परत काढून बघते. वरच्या खुणेच्या वर थेंबभर तरी सापडावं असं मला वाटतं. का वाटतं ते विचारू नका, मला वाटतं. पण तिथे कधी काही नसतं. मेला शब्दाचा पक्का निघाला.